साडेसहाचा चंद्र

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या वहिनीचं. ती लग्न होऊन मुरबाडला आमच्या घरी आली तेव्हा मी सातवीत होतो. आई आदल्या वर्षी गेली होती. वडील लाकडाच्या वखारीत कामाला, दादा कारखान्यात फिटर. घरात पुस्तकं म्हणजे माझी शाळेची पुस्तकं आणि फळीवरचं पंचांग. आज मी ठाण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावाकडच्या लग्नांत मला पुढच्या खुर्चीवर बसवतात. बसताना दर वेळी वाटतं, इथे खरं तर ती बसायला हवी.

मी तिला अगं-तुगं करायचो आणि ती मला, एवढ्याशा पोराला, 'भावोजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. "भावोजी, आधी नाक पुसा," असं. ती स्वतः सातवी झालेली. मी आठवीत गेलो तेव्हा म्हणाली, "आता तुम्ही माझ्या पुढे गेलात. आता मला काय शिकवता येणार तुम्हाला? पण बसवता तर येईल."

आणि बसवलं तिने. ग्रहणात तर हमखास.

आमच्याकडे ग्रहण कडक पाळायचे. वेध लागायच्या आत जेवणं उरकायची, दुधात-पाण्यात तुळशीची पानं टाकायची, आणि ग्रहण लागलं की सुटेपर्यंत घरात बसून देवाचं नाव घ्यायचं. ग्रहणात केलेला जप फळतो असं मानतात. वहिनीने त्यावरून आपला एक नियम काढला होता, की ग्रहणात जे घोकलं ते जन्मात डोक्यातून जात नाही. शेजारच्या बायका स्तोत्रं म्हणत बसायच्या आणि वहिनी मला समोर बसवून पाढे म्हणायला लावायची. सतराचा, एकोणिसाचा, एकोणतीसचा. पाढे संपले तेव्हा इंग्रजी कविता, मग विज्ञानाच्या व्याख्या. इंग्रजी तिला येत नव्हतं. पण पुस्तक ती स्वतः धरायची आणि माझ्या बोलण्यामागून अक्षरांवरून बोट फिरवायची. मी अडलो की बोट थांबायचं.

"पुढं?"

"आठवत नाही."

"आठवा लवकर. ग्रहण सुटलं की राहिलंच मग ते."

बाहेर ओट्यावर दादा आणि गल्लीतले लोक चंद्र बघत उभे असायचे. दादाचा या पाळापाळीवर विश्वास नव्हता. तो बाहेरून हाक मारायचा, "अगं ये की बघायला! अर्धा गिळला!"

"गिळू दे. इथे एकोणतीसचा अडलाय."

"मग त्यालाही आण बाहेर."

"हां, म्हणजे दोघं बसा तोंड वर करून!"

असं करत, माझी दहावी होईपर्यंत जेवढी ग्रहणं लागली तेवढी आम्ही दोघांनी बंद खिडकीआड काढली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्यापुढे पुष्कळ ग्रहणं होती. तिलाही बघायची हौस असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

दहावीनंतर दादाला आंबिवलीजवळ नोकरी लागली. वडील म्हणाले, धाकट्याला वखारीत चिकटवू. वहिनीने कधी नव्हे ते सासऱ्यांसमोर तोंड उघडलं. "भावोजी आमच्याबरोबर येतील. कल्याणला कॉलेज आहे," एवढंच म्हणाली आणि माझे कपडे आपल्या ट्रंकेत भरायला लागली. आंबिवलीला दोन खोल्या होत्या. आतली मला अभ्यासाला दिली. बाहेरच्या खोलीत दादा, ती आणि त्यांची तान्ही मुलगी. मी बी.एस्सी. होईपर्यंत ही व्यवस्था बदलली नाही, आणि आपण दुसऱ्याच्या खोलीत राहतोय असं मला एकदाही जाणवू दिलं गेलं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी वीज गेली होती. स्वयंपाक खोळंबला होता, म्हणून मी वहिनीला ग्रहण समजावायला बसलो. बॅटरी म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. लिंबू हळूहळू नारळाच्या सावलीत नेलं.

ती बराच वेळ बघत होती. "म्हणजे ती सावली आपलीच?"

"आपलीच. पृथ्वीची."

"आणि राहू?"

"राहू वगैरे कोणी नाही गं."

"अगं बाई! बिचाऱ्याला उगीच बदनाम केला."

मग मी तिला सांगितलं, की पूर्ण सावलीत गेला तरी चंद्र काळा होत नाही, लाल होतो. पृथ्वीभोवतीच्या हवेतून थोडा उजेड वळून सावलीत शिरतो आणि हवेतून येता येता त्यातला तांबडाच तेवढा उरतो. त्या वेळी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत असतो आणि मावळत असतो, तिथला सगळा तांबूस उजेड एकदम चंद्रावर पडतो. "तांब्याच्या हंड्यासारखा दिसतो," मी म्हणालो. मी तरी कुठे पाहिला होता? पुस्तकातलं सांगत होतो.

"घासलेल्या की न घासलेल्या?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

"एकदा बघायला पाहिजे," ती म्हणाली. तेवढ्यात वीज आली आणि लिंबू उचलून ती वरणाकडे गेली.

तो 'एकदा' किती लांबला. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, वर्तकनगरला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. मध्ये खग्रास ग्रहणं येऊन गेली. एक पहाटेचं होतं, एकाला ढग होते, एकाच्या वेळी मी पेपर तपासत होतो. दर वेळी मी फोनवर म्हणायचो, "वहिनी, पुढचं नक्की," आणि ती म्हणायची, "चंद्र काय पळून जातोय?"

चंद्र पळाला नाही. तिचे डोळे बिघडले. आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. मग चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. ती म्हणायची, "आमचं घरच लहान झालंय." शेवटी तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, हट्टाने तिला डोंबिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो होतो. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. यात नजर कडेकडेने जाते, मधली बराच काळ चांगली राहते. गेलेली परत येत नाही. पण रोज रात्री न चुकता थेंब घातले तर उरलेली वर्षानुवर्षं टिकू शकते.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "भावोजी, तो लाल चंद्र अजून दिसेल का मला?"

"दिसेल की. पौषातल्या पौर्णिमेला आहे. संध्याकाळचंच आहे. तू ठाण्याला ये, आमच्या गच्चीवरून दाखवतो."

"दादांना रजा घ्यायला लावते," ती म्हणाली. आम्ही सगळेच दादाला दादा म्हणायचो, नवऱ्याचं नाव घ्यायला नको म्हणून तीसुद्धा.

त्या ग्रहणाला पंचांगात ग्रस्तोदित म्हटलं होतं. म्हणजे चंद्र क्षितिजावर येईल तो ग्रहण लागलेलाच येईल. मला फार आनंद झाला होता. लाल चंद्र उगवताना दिसणार! मी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की चंद्रोदय साडेसहाला आहे, लाल चंद्र पाहण्यासाठी सर्वांनी वेळेवर गच्चीवर यावे. कॉलेजातून छोटी दुर्बीण मागून आणली.

वहिनी आणि दादा दुपारीच आले. तिने सकाळपासून तुळशीचं पान टाकलेल्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. माझ्या बायकोने आग्रह केला तर म्हणाली, "राहू नाही हे मला माहीत आहे गं. पण सवय आहे ना." ग्रहण सुटल्यावर आंघोळी करायच्या, मग आमच्याकडेच जेवायचं आणि शेवटी निघायचं, असं ठरलं होतं. दादाची सकाळची पाळी होती, तो लवकर निघू या म्हणून कुरकुरत होता. वहिनीने त्याला गप्प केलं. "इतकी वर्षं हाका मारत होतात ना, ये बघायला, ये बघायला? आता आलेय तर थांबा."

गच्चीवर जवळजवळ अख्खी इमारत लोटली होती. पूर्वेच्या कठड्याशी मी वहिनीसाठी खुर्ची ठेवली. समोर इमारती, त्यांच्या मागे पारसिकच्या डोंगराची रेघ आणि तिच्यावर धुरकट पट्टा. सोसायटीचे सेक्रेटरी सूर्यग्रहणाच्या वेळी घेतलेला काळा चष्मा लावून आले होते.

"अहो काढा तो, सूर्याचा आहे!" त्यांची बायको म्हणाली.

"ग्रहण ते ग्रहण. डोळे महत्त्वाचे."

"काही दिसतंय का त्यातून?"

"तू दिसत नाहीयेस, एवढं नक्की."

सगळे हसले. वहिनीही हसली. मग तिने पदर सावरला आणि डोंगराच्या रेघेकडे तोंड करून बसली. इतकी स्थिर की परीक्षेला बसलेली मुलगी वाटावी.

साडेसहा झाले. पाच-दहा मिनिटं गेली. दुर्बिणीच्या तिपाईचा एक स्क्रू सैल झाला होता, म्हणून मी वाकून तो आवळत होतो. तेवढ्यात मुलांचा गलका झाला. "तो बघा! लाल! लाल!"

"कुठे रे?"

"तो काय, डोंगरावर!"

"हां हां, दिसला!" कोणीतरी मोठ्याने म्हणालं. मग दुसरं कोणी. "केवढासा आहे!" "लांब आहे ना, म्हणून." "फोटो काढ, फोटो काढ."

मी वाकल्या वाकल्याच ओरडलो, "वहिनी, दिसला का?"

मी पुन्हा हाक मारली.

"वहिनी?"

"दिसला की," ती म्हणाली. "लाल आहे. तांब्याच्या हंड्यासारखा."

"छान ना?"

"छान आहे."

मी स्क्रू आवळून मान वर केली तेव्हा मला चंद्र कुठेच दिसला नाही. "पट्ट्यात गेला आता," सेक्रेटरी चष्म्याआडून म्हणाले. इतक्या लोकांनी पाहिला, आपलाच हुकला, असं मला वाटलं. वाईट वाटलं, पण तिला दिसला होता ना. माझं काम झालं होतं.

वहिनी खुर्चीवरून उठली. "अहो, चला आता," ती दादाला म्हणाली.

"आत्ता? ग्रहण सुटायला वेळ आहे," मी म्हणालो. "परत बाहेर येईल तो. जेवण पण—"

"बघून झाला ना. यांना सकाळी लवकर उठायचंय. तुम्ही मुलांना दाखवा दुर्बिणीतून, ती रांग लावून उभी आहेत."

दादाला काय, तो तयारच होता. मी त्यांना सोडायला खाली गेलो नाही. बायको गेली. मी दुर्बिणीपाशी थांबलो.

ग्रहण चालू असताना घराबाहेर पाऊल न टाकणारी वहिनी उपाशीपोटी, आंघोळ न करता, ग्रहण सुटायच्या आत प्रवासाला निघाली होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सात वाजून गेले. आभाळाचा उजेड ओसरला. मालिकांची वेळ झाली म्हणून निम्मी गच्ची रिकामी झाली. रिक्षा मिळवून देऊन बायको वर आली आणि कठड्याशी उभी राहिली. म्हणाली, "ताईंना जिन्यात दिवा असूनही दिसत नव्हतं की काय कोण जाणे. माझा हात धरला आणि म्हणाल्या, पायरी संपली की सांग गं." मग एकदम, "अहो, ते काय आहे?"

तिने बोट दाखवलं ते डोंगरावर नव्हतं. बरंच वर आणि डावीकडे, धुरकट पट्टा संपतो तिथे, एक मोठं गोल काहीतरी लटकलं होतं. भाजलेल्या विटेच्या रंगाचं. इतकं अंधुक की सरळ बघितलं की नाहीसं व्हावं. मी दुर्बीण तिकडे फिरवली. चंद्रच होता. पूर्ण सावलीत बुडालेला, आणि आभाळ काळं झालं म्हणून आता कुठे दिसायला लागलेला.

मी खाली डोंगराकडे पाहिलं. तिथे अजून तो लाल ठिपका होता. टॉवरचा दिवा. रोज असतो तो.

पौर्णिमेचा चंद्र उगवतो तेव्हा सूर्य नुकता मावळत असतो, आभाळात पुष्कळ उजेड असतो. एरवी चंद्र स्वतःच एवढा तेजस्वी असतो की तरीही दिसतो. सावलीतला चंद्र त्या उजेडात दिसूच शकत नाही. हा प्रश्न मी परीक्षेत घातला असता तर चुकीच्या उत्तराला गुण दिले नसते. आणि मीच अख्ख्या इमारतीला साडेसहाला बोलावलं होतं. साडेसहाला तिथे कोणालाच काही दिसलेलं नव्हतं. मुलांनी दिवा पाहिला, मोठ्यांनी री ओढली. आणि वहिनी त्या गलक्यात एकटी बसून होती, सगळ्यांना दिसतोय आणि आपल्याला दिसत नाही अशा समजुतीत. माझा विरस नको म्हणून तिने मीच कधीतरी सांगितलेलं वर्णन मला ऐकवलं आणि निघून गेली.

सव्वाआठच्या सुमाराला फोन लागला.

"पोचलात?"

"आत्ताच. कुलूप काढतोय."

"वहिनी, अजून ग्रहण आहे. आत जाऊ नकोस, ओट्यावरून पूर्वेला बघ. आता चांगला उजेड आलाय, तुला दिसेल."

"बघितला की मी. किती वेळा बघायचा?"

"तेव्हा नव्हता गं तो. तेव्हा कोणालाच—"

"पाणी तापवायचंय भावोजी. ग्रहण सुटलं की आंघोळी आहेत. ठेवते."

तिने वर पाहिलं नाही. तेव्हाही दिसला नाही तर, या भीतीने पाहिलं नसावं, असं मला आता वाटतं. मी दुसऱ्या दिवशी आंबिवलीला जायला हवं होतं. गेलो नाही. प्रात्यक्षिक परीक्षा होत्या. आणि तिने 'दिसला' म्हटलं होतं, तेच खरं धरून चालणं मला सोपं होतं. पुढच्या फोनवर तिने विषय काढला नाही, मीही काढला नाही. आषाढात पुन्हा खग्रास लागलं, तेव्हा आभाळ ढगांनी गच्च होतं.

गणपतीला आम्ही आंबिवलीला गेलो. पाण्यासाठी मी फ्रिज उघडला, तर दाराच्या कप्प्यात थेंबांच्या बाटल्या ओळीने उभ्या. एकीचंही सील फोडलेलं नाही.

पुतणी मागे होती. "मी आणून ठेवते काका. दर महिन्याला. आई घालत नाही."

"कधीपासून?"

"ते तुमच्याकडे ग्रहण बघायला आलेली ना, तेव्हापासून. म्हणते, डोळे गेले माझे. सगळ्यांना चंद्र दिसला, मला एकटीला नाही. आता थेंब घालून काय उपयोग? आणि मला शपथ घातलेली, काकांना सांगायचं नाही म्हणून. त्यांना वाईट वाटेल."

मी तसाच बाहेर आलो. वहिनी मोदकाची पारी हाताने चाचपून कळ्या पाडत होती. मी तिला सगळं सांगितलं. टॉवरचा दिवा, संधिप्रकाश, सगळं. ती ऐकत होती आणि हसत होती.

"भावोजी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी पण येत नव्हतं."

"खरं सांगतोय गं!"

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय. कळतं मला. घ्या, मोदक बघा कसा झालाय."

पुन्हा पुन्हा सांगितलं तेव्हा ती हसायची थांबली आणि म्हणाली, "आता पुरे." तिच्यासमोर बोलून उपयोग नव्हता. माझ्या आवाजातली माया तिला ओळखता यायची आणि त्या मायेमुळेच तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता. कोणी वाचून दाखवलेल्या गोष्टीवर मात्र तिचा विश्वास होता, मग ते पंचांग असो की माझा निकाल. म्हणून ठाण्याला परत आल्यावर मी चार दिवस चौकशी केली आणि तिला पत्र लिहिलं. उभ्या आयुष्यात मी तिला लिहिलेलं ते एकच पत्र.

पत्र मिळाल्यावर ती डॉक्टरांकडे आली आणि त्यानंतर तिने एक रात्रही थेंब चुकवले नाहीत. पण मधल्या महिन्यांत जे गेलं ते गेलंच. आज तिला समोर धरलेल्या ताटातला भात दिसतो, त्याच ताटातली वाटी दिसत नाही. ती हाताने शोधावी लागते. गेल्या भाद्रपदात आभाळ उघडं होतं आणि खग्रास ग्रहण लागलं होतं. मी आंबिवलीलाच होतो. चल म्हणालो, तर म्हणाली, "तुम्ही बघून या. मी बसते इथे." मी थोडा वेळ एकटाच बाहेर उभा राहिलो आणि आत आलो. वीटकरी रंगाचा तो चंद्र मला बघवेना.

पत्राची नक्कल मी ठेवली नव्हती. पुतणीने मूळ पत्र जपून ठेवलं आहे. त्यावरून हे उतरवतो आहे.

वहिनी,

हे पत्र तुझी लेक तुला वाचून दाखवील. तिला सांगणं, सावकाश वाच आणि आई मध्ये बोलली तरी थांबू नकोस.

त्या दिवशी साडेसहाला आमच्या गच्चीवर जेवढी माणसं होती, त्यांतल्या एकालाही चंद्र दिसला नव्हता. हे मी मनचं लिहीत नाही. तुझ्याकडून आल्यावर मी इमारतीत दारोदार जाऊन विचारलं. लोक आधी हसले, मग खरं बोलले. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "सगळे हो म्हणाले म्हणून मीही म्हटलं. मला त्या चष्म्यातून कठडासुद्धा दिसत नव्हता." तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मला डोंगरावर लाल दिवा दिसला, म्हटलं हाच असेल. मनातून वाटलं, एवढ्यासाठी जिने चढून आले?" ज्या मुलांनी आधी ओरडा केला, त्यांनाही धरलं. ती म्हणाली, "काका, आम्ही टॉवरला चंद्र म्हटलं, मग तुम्ही मोठे लोकच नाचायला लागलात." आणि मी स्वतः मान वर केली तेव्हा मलाही काही दिसलं नाही, हे तर मी तुला सांगितलंच आहे.

म्हणजे तुझ्या डोळ्यांनी त्या दिवशी जे दाखवलं ते बरोबर होतं. समोर चंद्र नव्हता आणि त्यांना चंद्र दिसला नाही. बाकी सगळ्यांचं चुकलं. सगळ्यात जास्त माझं, कारण वेळ मी सांगितली होती.

आता तू गेल्यावर काय काय झालं ते ऐक. तुला दाखवायचं होतं, ते निदान सांगतो तरी.

सात वाजून गेल्यावर तो दिसायला लागला. तेव्हाही नीट नाही. एखादी जुनी वीट पाण्याखाली असावी तसा. वरचा भाग जास्त काळपट, खालचा थोडा तांबूस. त्याच्या आजूबाजूला चांदण्या दिसत होत्या. पौर्णिमेला चंद्राजवळ कधी चांदण्या दिसतात का? त्या दिवशी दिसल्या, कारण त्याचा उजेडच नव्हता. गच्चीवर आठ-दहा जण उरलो होतो, सगळे हळू आवाजात बोलत होते. मग बराच वेळ काही बदललं नाही. मुलं कंटाळली.

साडेसात वाजून गेले तेव्हा खालच्या कडेला नखाएवढा पांढरा उजेड आला. इतका झगझगीत की लाल रंग तिथल्या तिथे फिका पडला. मग ती कड जाड होत गेली. वाटीत दूध ओतावं तसा उजेड खालून वर चढत होता. आणि सावलीची रेघ सरळ नव्हती, वाकडी होती, गोल. ती आपल्या पृथ्वीची कड होती, वहिनी. मी वर्गात दर वर्षी हे शिकवतो. पण ती गोल कड खरोखर बघितली ती त्या रात्री, पहिल्यांदाच. अर्धा उजळला तेव्हा मी तुला फोन लावत होतो. सव्वाआठला तू फोन उचललास तेव्हा जेमतेम वरचा तुकडा काळा राहिला होता. मग तोही गेला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडली, एवढा उजेड झाला.

तो उजेड तुला नक्की दिसला असता. त्या वेळी तुझी मधली नजर चांगली होती. डॉक्टरांच्या कागदावर तसं लिहिलं आहे, लेकीला काढून वाचायला सांग.

मी डोंबिवलीला डॉक्टरांशी बोललो. ते रागावले, पण म्हणाले की आज जेवढी नजर शिल्लक आहे तेवढी अजूनही राखता येईल. फ्रिजमधल्या बाटल्यांवरच्या तारखा लेकीला बघू दे. जिची मुदत आहे ती आज रात्री फोडायची. दोन्ही डोळ्यांत एक एक थेंब, मग थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. मी नऊ वाजता फोन करीन, तेव्हा घातले का ते लेक सांगेल. तू सांगितलंस तर मी मानणार नाही.

शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला येतो. दादाला बोललो आहे, तो रजा टाकतोय. तू काही करू नकोस, फक्त चपला घालून तयार राहा.